बॅरिस्टर ए. आर. अंतुले : एका कोकणी आमदाराची जडणघडण आणि धोरणे

प्रास्ताविक

राज्यशास्त्र आणि आधुनिक महाराष्ट्राचा इतिहास शिकविताना आपल्या महाविद्यालयांत बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांचे नाव दोनच संदर्भांत येते. महाराष्ट्राचे आजवरचे एकमेव मुस्लीम मुख्यमंत्री, हा पहिला संदर्भ. सिमेंट प्रकरणामुळे पायउतार झालेले मुख्यमंत्री, हा दुसरा. पहिला संदर्भ आपल्या कार्यक्रमांत अभिमानाने सांगितला जातो, दुसरा परीक्षेच्या मार्गदर्शकांत दोन ओळींत संपतो. या दोन टोकांच्या मध्ये सुमारे अर्धशतकाचे सार्वजनिक जीवन आहे. त्यातला विधानसभेतील काळ तर जवळजवळ अभ्यासाबाहेरच राहिला आहे.

या विषयाकडे वळण्याचे माझे कारण वर्गातले आहे. मी निपाणीचा. सकाळच्या तासांना उर्दू आणि दुपारच्या तासांना मराठी शिकवितो. काही वर्षांपूर्वी सीमाप्रश्नावर बोलताना बी. ए.च्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, या भांडणात आपण कोणाच्या बाजूचे? आपली मादरी जबान तर उर्दू." त्या वेळी मी त्याला सीमाप्रश्नाचा कालक्रम सांगितला, पण प्रश्नाचे उत्तर दिले नाही. पुढे वाचन करताना लक्षात आले, की महाजन आयोगाच्या अहवालावर सविस्तर टीकाग्रंथ लिहिणारा एक माणूस कोकणातला मुस्लीम आमदार होता. ही गोष्ट मी त्या मुलाला सांगायला हवी होती. प्रस्तुत लेखात अंतुले यांची पार्श्वभूमी आणि सीमाप्रश्न, प्रशासन, निराधारांना साहाय्य, लोकप्रतिनिधीचे उत्तरदायित्व व अल्पसंख्याकांचे शिक्षण या विषयांवरील त्यांच्या भूमिका यांचा परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे.

जन्म, शिक्षण व परिसर

अंतुले यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९२९ रोजी तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील म्हसळा तालुक्यात, सावित्री नदीच्या काठी आंबेत या गावी झाला. खाडीकाठचे हे कोकणी मुसलमानांचे गाव. या समाजाची घरातली बोली कोकणी वळणाची, शाळा बहुधा मराठी किंवा उर्दू, आणि पोटासाठी मुंबई, जहाज किंवा परदेश. धर्माने मुसलमान, बोलीने कोकणी आणि व्यवहाराने मराठी असणे यात या समाजाला विसंगती कधी वाटली नाही. अंतुले यांच्या पुढच्या राजकारणाचे मूळ येथे शोधावे लागते. आपले मराठीपण कोणाला सिद्ध करून दाखवायचे आहे, असा भाव त्यांच्या भूमिकांत दिसत नाही. ते त्यांनी गृहीतच धरले होते.

मुंबई विद्यापीठातील शिक्षणानंतर ते लंडनला गेले आणि लिंकन्स इन येथून बॅरिस्टर होऊन परतले. ग्रामीण कोकणातील मुस्लीम कुटुंबातला तरुण बॅरिस्टर होऊन येतो आणि मुंबईत वकिली थाटून न बसता जिल्ह्याच्या राजकारणात उतरतो, ही त्या काळी साधी बाब नव्हती. कुलाबा जिल्ह्यात अलिबाग, पेण, पनवेल या भागांत शेतकरी कामगार पक्षाचे बळ मोठे होते. काँग्रेसला तेथे जागा मिळवावी लागत असे. १९६२ मध्ये अंतुले श्रीवर्धन मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आले आणि १९७६ पर्यंत ते विधानसभेचे सदस्य राहिले. श्रीवर्धन हा मिश्र वस्तीचा मतदारसंघ. केवळ एका समाजाच्या मतांवर तेथून निवडून येणे शक्य नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या यशाचा अर्थ नीट कळतो.

१९६९ नंतरच्या काळात त्यांनी राज्यमंत्री व मंत्री म्हणून विधी व न्याय, बंदरे, मत्स्यव्यवसाय, दळणवळण, गृहनिर्माण अशी खाती सांभाळली. किनाऱ्यावरच्या माणसाच्या दृष्टीने ही खाती जगण्याची होती. खाड्यांनी तुटलेल्या कोकणात पूल आणि रस्ता म्हणजे दवाखाना, शाळा आणि बाजार यांची वाट. आंबेतजवळ सावित्रीवर झालेल्या, रायगड आणि रत्नागिरी हे जिल्हे जोडणाऱ्या पुलाशी तिथले लोक अंतुले यांचे नाव आजही जोडतात.

सीमाप्रश्न आणि महाजन अहवालाची चिकित्सा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. मुंबई सरकारने १९५७ मध्ये केंद्राकडे निवेदन देऊन सीमाभागातील ८१४ गावांवर हक्क सांगितला. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत आणि लोकेच्छा या चार कसोट्यांवर ही मागणी उभी होती. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमावादात ज्यांनी मध्यस्थी केली त्या पाटसकर यांच्या नावाने हे सूत्र ओळखले जाते. १९६० मध्ये दोन्ही राज्यांच्या प्रत्येकी दोन प्रतिनिधींची समिती नेमली गेली, पण तिच्यात एकमत झाले नाही. पुढे १९६६ मध्ये सेनापती बापट यांनी उपोषण आरंभिले आणि त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला केंद्राने माजी सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला.

आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला. निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि दक्षिण सोलापूर, अक्कलकोट भागांतील गावांसह २४७ गावे म्हैसूरला द्यावीत, बेळगाव शहर म्हैसूरमध्येच राहावे आणि केरळातील कासरगोडचा चंद्रगिरी नदीच्या उत्तरेचा भाग म्हैसूरला जोडावा, अशा त्याच्या शिफारशी होत्या. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, म्हैसूरने तो स्वीकारावा असा आग्रह धरला आणि केरळला कासरगोडविषयीची शिफारस अमान्य होती.

अशा वेळी, १९६८ मध्ये, आमदार अंतुले यांनी अहवालाची चिरफाड करणारे पुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध केले. भाषेची निवड सूचक आहे. महाराष्ट्रात संताप पुरेसा होता. पटवून द्यायचे होते ते दिल्लीतल्या खासदारांना, कायदेपंडितांना आणि इंग्रजी वृत्तपत्रांच्या संपादकांना. सभेतले भाषण तेथे पोहोचत नाही, युक्तिवाद पोहोचतो, हे बॅरिस्टरने ओळखले होते. पुस्तकाचा मुख्य रोख असा, की आयोगाने एकच कसोटी सर्वत्र लावलेली नाही. एका ठिकाणी भाषिक बहुमत निर्णायक ठरविले आणि दुसऱ्या ठिकाणी तेच बहुमत बाजूला सारून आसपासचा प्रदेश, शहराचे प्रशासकीय स्थान अशा गोष्टींना महत्त्व दिले. जे माप कासरगोडला, तेच बेळगावला का नाही, हा प्रश्न या विवेचनातून आपोआप उभा राहतो. निकाल आपल्या विरुद्ध गेला म्हणून तक्रार करणे वेगळे आणि निकालाच्या अंगची विसंगती दाखविणे वेगळे. अंतुले यांनी दुसरा मार्ग पत्करला.

कर्नाटकाची बाजूही येथे नोंदवावी लागते. आयोगाची मागणी महाराष्ट्राचीच होती, मग निर्णय प्रतिकूल येताच तो अमान्य करणे कितपत योग्य, असा त्या बाजूचा सवाल आहे. या सवालात वजन आहे. सीमाभागातील अध्यापकाने दोन्ही बाजू वर्गात मांडल्या पाहिजेत, विशेषतः ज्या वर्गात मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी मुले एकाच बाकावर बसतात तेथे.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. भाषावार गणनेत उर्दू लिहिणारा मुसलमान मराठीच्या रकान्यात येत नाही आणि कन्नडच्याही येत नाही. बेळगावसारख्या बहुभाषक शहरात या तिसऱ्या रकान्याला मोठे महत्त्व येते. मराठी भाषकांचे प्रमाण कन्नड भाषकांशी ताडायचे की एकूण लोकसंख्येशी, यावर बहुमताचे उत्तर बदलते. म्हणजे ज्यांना या वादात कोणी फारसे विचारले नाही, त्यांच्या संख्येने वादाचे गणित मात्र बदलू शकत होते. प्रत्यक्ष जीवनात तर हा मुसलमान घरी दखनी उर्दू बोलतो, बाजारात मराठी आणि कचेरीत कन्नड. अंतुले यांच्या पुस्तकामुळे हा पेच सुटत नाही. कोकणी मुसलमानाची स्थिती आणि सीमाभागातील उर्दू भाषक मुसलमानाची स्थिती एक नाही, हेही खरे. तथापि भाषेचा हक्क हा धर्माच्या रकान्यातून पाहण्याचा विषय नाही, हे त्यांनी लेखणीने दाखवून दिले. पुढे १९८१ मध्ये कर्नाटकात गोकाक समितीचा अहवाल आला आणि शाळांत कन्नडला प्रथम भाषेचे एकमेव स्थान देण्याचा विषय निघाला. तेव्हा मराठी शाळा आणि उर्दू शाळा यांच्यापुढे सारखीच चिंता उभी राहिली. त्या अनुभवावरून पाहता, "आपण कोणाच्या बाजूचे?" या प्रश्नाचे एक उत्तर असे देता येईल, की आपण मातृभाषेतून शिकण्याच्या हक्काच्या बाजूचे, मग ती भाषा शेजाऱ्याची का असेना.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. ज्याने हे पुस्तक लिहिले तोच जून १९८० मध्ये महाराष्ट्राचा मुख्यमंत्री झाला, आणि तरी सीमाप्रश्न जागचा हलला नाही. कर्नाटकात त्या वेळी गुंडू राव मुख्यमंत्री होते. दोघेही एकाच पक्षाचे आणि दोघांचीही निष्ठा इंदिरा गांधी यांच्याशी. दोन्ही राज्यांत व केंद्रात एकच पक्ष असताना प्रश्न सुटणे सोपे जाईल असे वाटते. प्रत्यक्षात दोहोंपैकी एकाला दुखावण्याची जोखीम पक्षश्रेष्ठींनी घेतली नाही. आमदार अंतुले यांनी जे लिहिले ते मुख्यमंत्री अंतुले यांना करता आले नाही. महाराष्ट्र शासनाने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तो २००४ मध्ये. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही राज्यांच्या विधिमंडळांनी परस्परविरोधी ठराव केले. ज्या निपाणीत मी राहतो ती आयोगाने महाराष्ट्राला देऊ केली होती. आयोग अमान्य झाला आणि निपाणी होती तेथेच राहिली. युक्तिवाद बिनतोड असला तरी त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे सीमेवरच्या गावांना विचारावे.

मुख्यमंत्रिपद : जिल्हे, खंडपीठ आणि निराधार

९ जून १९८० ते जानेवारी १९८२ हा अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाचा काळ जेमतेम १९ महिन्यांचा. तत्पूर्वी १९७६ ते १९८० ते राज्यसभेत होते आणि पक्षाचे सरचिटणीस होते. १९७५ मध्ये, आणीबाणीच्या काळात, अध्यक्षीय पद्धतीचा पुरस्कार करणारे एक टिपण दिल्लीत फिरत होते. त्या टिपणाशीही त्यांचे नाव जोडले गेले. सत्ता एका ठिकाणी एकवटली तर निर्णय लवकर होतात, असा त्यांचा कल होता. मुख्यमंत्री म्हणून त्यांनी निर्णयांचा जो धडाका लावला त्याची बरी आणि वाईट, दोन्ही फळे या एकाच वृत्तीची आहेत.

१ जानेवारी १९८१ पासून कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ मध्ये ज्या गडावर झाला तो गड याच जिल्ह्यात. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग आणि औरंगाबादमधून जालना हे जिल्हे वेगळे झाले. सिंधुदुर्ग हे नावही शिवकालीन जलदुर्गावरून घेतलेले. लंडनहून शिवाजी महाराजांची तलवार परत आणण्याची घोषणाही त्यांनी केली, ती सिद्धीस गेली नाही. या निर्णयांत भावनेचे राजकारण होते असे म्हणता येईल. पण दोडामार्ग किंवा सावंतवाडीच्या शेतकऱ्याला जिल्ह्याच्या कामासाठी रत्नागिरी गाठावी लागत होती, ती पायपीट थांबली हा भाग व्यवहाराचा आहे.

न्यायदानाविषयीही त्यांची हीच भूमिका होती. मराठवाड्यातील पक्षकाराला उच्च न्यायालयासाठी मुंबईची वारी करावी लागे. ऑगस्ट १९८१ मध्ये औरंगाबाद येथे मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची बैठक सुरू झाली. पुढे हा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८२ मध्ये ही व्यवस्था वैध ठरली. स्वतः बॅरिस्टर असलेल्या मुख्यमंत्र्याला कोर्टाच्या अंतराची किंमत कळत होती.

तिसरा निर्णय सर्वांत टिकाऊ ठरला. वृद्ध, अपंग, विधवा आणि ज्यांना आधार नाही अशांना दरमहा अर्थसाहाय्य देणारी संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांच्या काळात सुरू झाली. नाव पक्षनिष्ठेतून आलेले असले तरी आशय मोलाचा होता. निराधार बाईला मदत मिळते ती कोणाच्या दयेने नव्हे, तर शासनाच्या नियमाने, हा विचार या योजनेत आहे. पुढे सरकारे बदलली, रकमा बदलल्या, योजना मात्र चालू राहिली.

प्रतिष्ठान, सिमेंट आणि न्यायालय

ऑक्टोबर १९८० मध्ये इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान स्थापन झाले. साहित्यिक व कलावंतांना साहाय्य करणे हा त्याचा जाहीर हेतू होता. प्रश्न हेतूचा नव्हता, देणग्यांच्या मार्गाचा होता. त्या काळी सिमेंटवर नियंत्रण होते. नियंत्रित दराचे सिमेंट कोणाला किती द्यायचे हे शासन ठरवी आणि खुल्या बाजारातील भाव त्याहून पुष्कळ वर असे. सहीच्या एका फटकाऱ्यात मोठा नफा ज्याच्या पदरात पडतो, तो देणगी देण्यास का नाही म्हणेल? ३१ ऑगस्ट १९८१ रोजी अरुण शौरी यांनी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये हे प्रकरण उघडकीस आणले. पा. बा. सामंत आदींच्या याचिकेवर १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी सिमेंटवाटप आणि देणग्या यांचा परस्परसंबंध असल्याचा निष्कर्ष काढला. अंतुले यांनी राजीनामा दिला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, फेब्रुवारी १९८२ अखेर, केंद्राने सिमेंटवरील नियंत्रण अंशतः उठविले.

पुढचा न्यायालयीन प्रवास राज्यशास्त्राच्या अध्यापकाने अवश्य अभ्यासावा. रामदास नायक यांच्या फिर्यादीत मुद्दा निघाला, की अंतुले अद्याप आमदार आहेत, आमदार हा लोकसेवक आहे, सबब त्या नात्यानेही खटल्यास पूर्वपरवानगी हवी. १६ फेब्रुवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरविले, की भारतीय दंडविधानाच्या कलम २१ च्या अर्थाने आमदार लोकसेवक नाही. शिवाय ज्या पदाचा गैरवापर झाल्याचा आरोप आहे ते पद सुटल्यावर त्या पदापोटी परवानगीची आवश्यकता उरत नाही. याच निकालात खटला विशेष न्यायाधीशाकडून उच्च न्यायालयाकडे वर्ग करण्यात आला. २९ एप्रिल १९८८ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने हे वर्गीकरण कायद्याला धरून नसल्याचे सांगून ते रद्द केले. न्यायालयाच्या चुकीमुळे कोणाचेही नुकसान होऊ नये, हे तत्त्व त्यामागे होते. हा निकाल निर्दोषत्वाचा नव्हता, तर आरोपीलाही कायद्याने ठरलेल्या न्यायालयातच न्याय मिळण्याचा हक्क आहे, असे सांगणारा होता. पुढे १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लोकसेवकाची व्याख्या व्यापक झाली आणि १९९८ मध्ये नरसिंह राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संसद सदस्यांना त्या कायद्याखाली लोकसेवक मानले.

आपल्या समाजात या प्रकरणाविषयी दोन मते ऐकू येतात. मुसलमान होते म्हणून त्यांना घालविले, हे एक. त्यांनी समाजाची मान खाली घातली, हे दुसरे. मला दोन्ही मते मान्य नाहीत. पहिल्यात पुराव्याकडे डोळेझाक आहे. दुसऱ्यात एका माणसाच्या कृत्याचा भार सबंध समाजाने उचलावा असे गृहीत आहे. इतर समाजांतील मंत्री पायउतार होतात तेव्हा त्यांच्या समाजाकडे कोणी जाब मागत नाही. मग आपणच आपल्याकडे तो का मागावा?

अल्पसंख्याक मंत्रालय

१९८९ मध्ये अंतुले लोकसभेवर निवडून आले. १९९५-९६ मध्ये ते केंद्रीय आरोग्यमंत्री होते. २९ जानेवारी २००६ रोजी अल्पसंख्याक व्यवहार मंत्रालय स्थापन झाले, त्याचे ते पहिले मंत्री. जून २००६ मध्ये पंतप्रधानांचा नवा १५ कलमी कार्यक्रम जाहीर झाला, ३० नोव्हेंबर २००६ रोजी सच्चर समितीचा अहवाल संसदेत मांडला गेला. २००७-०८ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी गुणवत्ता व उत्पन्नाधारित आणि मॅट्रिकोत्तर, तर २००८ मध्ये मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती सुरू झाल्या. या शिष्यवृत्त्यांत ३० टक्के वाटा मुलींसाठी राखला गेला. या योजनांचे श्रेय एका व्यक्तीचे नाही. पण पहिल्या अर्जांवर सही-शिक्का मारताना आपण अनेकांनी पाहिले आहे, की वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला काढण्यासाठी तहसील कचेरीत पहिल्यांदा गेलेल्या मुली पुढे पदवीपर्यंत टिकल्या. २०२२ मध्ये पहिली ते आठवीसाठीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती बंद झाली, त्याच वर्षी मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीही बंद करण्यात आली. जे प्रशासकीय निर्णयाने येते ते तसेच जाऊ शकते, याची जाणीव संस्थाचालकांनी ठेवणे अगत्याचे आहे.

डिसेंबर २००८ मध्ये मुंबईवरील हल्ल्यानंतर हेमंत करकरे यांच्या मृत्यूविषयी त्यांनी संशय व्यक्त केला आणि मोठे वादळ उठले. गृहमंत्र्यांनी संसदेत निवेदन करून तो संशय निराधार ठरविला. शोकाच्या काळात मंत्र्याने पुराव्याविना असे बोलणे अनुचित होते, असे माझे मत आहे. २००९ च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमधून त्यांचा पराभव झाला. २ डिसेंबर २०१४ रोजी त्यांचे निधन झाले.

समारोप

अंतुले यांच्या सार्वजनिक जीवनाचा आढावा घेताना एक सूत्र हाती लागते. शासन लोकांच्या दाराशी आले पाहिजे, मग तो जिल्हा असो, न्यायालय असो, की निराधाराचे अनुदान. हे सूत्र त्यांनी सातत्याने पाळले. त्याच वेळी निर्णय करणाऱ्या हातावर नियमाचा लगाम हवा, ही दुसरी अर्धी बाजू त्यांच्याकडून सुटली आणि त्यातून त्यांचे पतन झाले.

अध्यापकबंधूंना व भगिनींना एक सूचना करावीशी वाटते. अंतुले यांचे सीमाप्रश्नावरील पुस्तक, लेंटिन यांचा निकाल आणि १९८४ व १९८८ चे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल हे सर्व एकत्र ठेवून पदवीच्या विद्यार्थ्यांकडून एखादा प्रकल्प करून घ्यावा. आपल्या माणसाचे गुण आणि दोष एकाच वहीत लिहिण्याची सवय मुलांना लागेल. माझा तो विद्यार्थी आता सीमेपलीकडे कागल तालुक्यात एका शाळेत मराठी शिकवितो. मागच्या ईदला तो भेटायला आला, तेव्हा उशिरा का होईना, ही सारी हकीकत मी त्याला सांगितली. तो म्हणाला, "हे तेव्हाच सांगायला हवं होतं, सर. मी घरी भांडण करून मराठी विषय घेतला होता."